गाडीवरची ताटली

हातगाड्यांवर ज्वारीची हिरवी कणसं दिसायला लागली की मी स्कूटरचा वेग कमी करते. घ्यायची नसतात. शहरातल्या हुरड्याला मी हुरडा मानत नाही. पिशवीत भरून, फ्रिजमध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून जे खातात त्याला हवं तर उसळ म्हणावं. हुरडा म्हणजे ज्वारीच्या ताटावरून आत्ता मोडलेलं कणीस आगटीच्या, म्हणजे गोवऱ्या पेटवलेल्या खड्ड्याच्या, गरम राखेत खुपसायचं, फिरवून काढायचं, हाताला चटके बसत असताना चोळायचं आणि कोंडा फुंकून समोरच्याच्या तळहातावर टाकायचं. त्याने ते तेव्हाच तोंडात टाकलं तर हुरडा. गप्पा मारत बसला तर गार झालेली ज्वारी. आमच्या घरात म्हणूनच हुरडा खाताना कुणी फार बोलत नसे, आणि बोललाच तर तोंड भरलेलं असे.

तरी मी थांबते ती वासासाठी. कोवळ्या कणसांचा वास आला की मागोमाग दुसरा एक वास येतो, जो त्या हातगाडीवर नसतोच. दगडी कोळशाचा, तापलेल्या तेलाचा आणि ओल्या वाफेचा. माझ्या नाकाने लहानपणीच या दोन्हींची गाठ मारून ठेवली आहे. दरवर्षी या वासाने मला बरं वाटतं. यंदा मात्र सोलापूरच्या शुक्रवार पेठेत घराकडे वळताना तो आला आणि मी न थांबता स्कूटर पुढे काढली, कारण यंदाच्या हुरड्यात गाडी विकायची ठरली होती.

गाडी म्हणजे मोटार नव्हे. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, स्वतःच्या हाताने बनवलेलं वाफेचं इंजिन. खाटेएवढं लांब, गुडघ्याहून थोडं उंच, पण खेळणं अजिबात नाही. कोळसा खाणारं, पाणी पिणारं, धूर सोडणारं, आणि शिट्टी अशी की शेजारच्या वस्तीवरच्या म्हशी मान वर करायच्या. इंजिनाच्या मागे चाकांवरची एक बैठी फळी. तिच्यावर आप्पा दोन्हीकडे पाय टाकून, घोड्यावर बसावं तसे बसायचे. त्यांच्यामागे आणखी एक फळी, आणि तिच्यावर एकमेकांचे खांदे धरून बसलेली माणसं. ही माणसं म्हणजे कुणीही. आम्ही भावकीतली मुलं, आप्पांच्या शाळेतले मास्तर, त्यांच्या बायका, पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. एकदा एक तहसील कचेरीतले साहेब चढताना फार संकोचले होते आणि नंतर त्यांना खाली उतरवता उतरवता सगळ्यांची पुरेवाट झाली.

आप्पा तांत्रिक शाळेत वर्कशॉपचे मास्तर. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी प्लॉट घेतले, वरचे मजले चढवले. आप्पांनी इंजिन बांधलं. मी शाळेत जायच्या आधी सुरू झालेलं ते काम मी पाचवीत असताना संपलं. मधली सगळी वर्षं आमच्या जेवणाच्या जागेत कुठलं तरी चाक भिंतीला टेकून उभं असायचं आणि पाहुणे आले की आई त्याच्यावर टॉवेल टाकायची. तांब्याचा बॉयलर ज्या दिवशी तांबटाकडून जोडून आला त्या दिवशी आप्पांनी पेढे वाटले. आईने पेढा घेतला आणि विचारलं, यात आमटी किती माणसांची होईल. आप्पांना हा विनोद पुढे बरीच वर्षं आवडला नाही.

पाण्याची तर वेगळीच गोष्ट होती. मंद्रूपच्या आमच्या रानातलं बोअरचं पाणी इतकं जड की त्यात तूर शिजत नाही, नुसती उकळत राहते. असलं पाणी बॉयलरमध्ये घातलं तर आतून क्षाराचे थर धरतात आणि तो कायमचा बसतो. म्हणून पावसाळ्यात शेडच्या पत्र्यावरून पडणारं पाणी आप्पा फडक्याने गाळून ड्रममध्ये भरायचे आणि झाकण घट्ट लावून ठेवायचे. ते पाणी फक्त गाडीचं. आता पावसाच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी शिजते हे आईला ठाऊक होतं, आणि ड्रम कुठे आहे हेही ठाऊक होतं. आप्पा रोज ड्रममध्ये काठी बुडवून बघायचे आणि रोज पाणी थोडं कमी भरायचं. शेवटी गाडीला घागर आणि डाळीला तांब्या असा तह झाला. तो तह दोघांनीही पाळला नाही, पण भांडण तेवढं थांबलं.

गाडी बाहेर निघायची ती मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, रानपूजेच्या सणाला. रानात भज्जी, आंबील, उंड्यांचा नैवेद्य, पूजा, सगळं आटोपलं की आप्पा शेडमधून रूळ काढायचे. लोखंडी पट्ट्यांचे तुकडे, खाली अँगलचे स्लीपर. विहिरीच्या कडेने, बाभळीला वळसा घालून, पडीक तुकड्यातून पुन्हा विहिरीपाशी असा गोल जोडायचे. मग दर रविवारी आमच्याकडे हुरडा. ज्वारीचा दाणा टणक होईपर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या पुढे थोडे दिवस, हा सोहळा चालायचा. बोरं, ऊस, कांद्याची पात, दही, गूळ आणि उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी. सकाळी दवाने पाय भिजायचे आणि दुपारी ऊन पाठीला लागायचं. सोलापूरकराला वर्षातून एवढेच दिवस ऊन हवंसं वाटतं.

आज त्या रविवारांकडे बघते तेव्हा मला आधी दोन धूर दिसतात. एक लिंबाखालचा, आईच्या आगटीचा, गोवऱ्यांचा पांढरा आणि आडवा पसरणारा. दुसरा गाडीचा, काळा आणि सरळ वर जाणारा. दोन्ही विस्तव असे की सोडून जाता येत नाही. आगटीत कणसं घालून उठलं तर जळतात. गाडीचं तर विचारूच नका. पाण्याच्या काचेवरची नजर हलवायची नाही, पाणी खाली गेलं तर बॉयलर जातो, कोळसा कमी पडला तर वाफ उतरते. त्यामुळे सकाळी दोघांनी आपापला विस्तव पेटवला की संध्याकाळपर्यंत आप्पा आगटीपाशी येत नसत आणि आई गाडीवर बसत नसे. लोक आग्रह करायचे, वहिनी, एक चक्कर मारा. आई म्हणायची, होऊ दे सगळ्यांचं. सगळ्यांचं कधी व्हायचंच नाही.

फक्त एक होतं. गाडीवर बसायला निघालेल्या माणसाच्या हातात आई एका पानावर मूठभर गरम हुरडा द्यायची. यांना द्या म्हणायची. आम्ही मुलं निघालो की आप्पांना दे. इंजिनाच्या मागच्या अंगाला, कोळसा टाकायच्या दाराच्या वर, आप्पांनी एक पितळी ताटली बसवली होती. तिचा काठ वळवलेला, तळ बॉयलरला टेकलेला. आप्पा तो हुरडा ताटलीत टाकायला सांगायचे. त्यांचे हात काळे असायचे. ताटलीला कुणी हात लावायचा नाही, भाजेल, असा दम असे. आम्हाला वाटायचं, आप्पा सावकाश खात असतील.

आप्पा गेले त्याला आता काही वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी गाडीबद्दल एवढंच सांगितलं होतं की भंगारात घालू नका, चालवणाऱ्याला द्या. आई माझ्याकडे शुक्रवार पेठेत राहायला आली आणि गाडी मंद्रूपला शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. मी एकटी मुलगी, विमा कचेरीत टेबलामागे जन्म गेलेला. मला गाडीच्या शिट्टीची दोरी ओढता येते, बाकी काही नाही. आता रान बघतो तो माझा चुलतभाऊ बाळू. त्याने गेल्या उन्हाळ्यात फार अदबीने विषय काढला. अक्का, शेडमध्ये कांदा ठेवायला जागा पुरत न्हाय. त्याचं चुकलं काहीच नव्हतं. कांदा कुजतो, आठवणी कुजत नाहीत, त्या कुठेही ठेवता येतात, असं मीच त्याला म्हटलं.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. विकून टाक की, म्हणाली, कशाला ठिवायचं. मान वर न करता आणि फार पटकन. उभ्या आयुष्यात तिने त्या गाडीबद्दल एक चांगला शब्द काढलेला मला आठवत नव्हता, त्यामुळे हे उत्तर खरंच असायला हवं होतं. पण दरवर्षी पाऊस तोंडावर आला की हीच आई बाळूला फोन करून पत्र्याखाली ड्रम लावायला सांगत आली आहे. कशाला, विचारलं तर म्हणते, डाळीला. शुक्रवार पेठेत नळाच्या पाण्यात डाळ चांगली शिजते. म्हणून मी मनाशी ठरवलं की गाडी गेली पाहिजे, चालवणाऱ्याकडेच गेली पाहिजे आणि आईच्या मनाला लागता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात होत्या. तिसरीची धास्ती होती.

मोबाईलवर जाहिरात टाकली आणि सोलापूर जिल्ह्यातली कल्पनाशक्ती माझ्या दारात आली. एका मंगल कार्यालयाच्या मालकाला नवरदेव घोड्याऐवजी इंजिनावरून आणायचा होता. हायवेवरच्या एका ढाब्यावाल्याला ते दारात उभं करून आत दिव्यांच्या माळा सोडायच्या होत्या, बॉयलर कापून मोटर बसवली तर चालेल ना, त्याने विचारलं. सांगोल्याहून एका गृहस्थांचा फोन आला, फोटोत कळत नाही, पण यात शेंगदाणे एका वेळी किती भाजतात. आणि एकजण आला तो काही न विचारता तांब्यावर बोटाने टकटक वाजवून वजनाचा अंदाज घेऊ लागला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही, आणि आमच्याकडे असं होत नाही.

मग दिवाळीच्या सुमाराला व्यंकटेश आला. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला, घरात तेलुगू बोलणारा, चाळिशीचा माणूस. वडिलांचे चादरींचे माग बंद पडले तेव्हा त्याने त्या शेडमध्ये एक लहान लेथ टाकला आणि दिवसभर लोकांचे सुटे भाग बनवून देतो. त्याने ताडपत्री काढली आणि गाडीकडे बघत उकिडवा बसला. किंमत विचारली नाही, आधी विचारलं, पाणी कुठलं घालत होते. तेव्हाच मला वाटलं, हाच. मागाहून एकदा येऊन त्याने बॉयलरमध्ये हातपंपाने थंड पाणी दाबून कुठे गळत नाही ना, तेही बघून घेतलं. तो गाडी न्यायला तयार होता. आडवी आली ती आई.

ती त्याला म्हणाली, "आता नगं. हुरडा आला की ये. पेटवून बग, चालवून बग, मग ने. न पेटवता कोण घेतंय?"

तो बरं अम्मा म्हणून गेला. आणि मी हुरड्याची वाट बघायच्या ऐवजी हुरडा येऊ नये असं वाटून घेत राहिले. पण ज्वारी कुणासाठी थांबत नाही. हातगाड्यांवर कणसं दिसली, बाळूचा फोन आला की अक्का, दाणा भरलाय, आणि एका रविवारी सकाळी आम्ही मंद्रूपला गेलो.

रूळ व्यंकटेशने आणि बाळूने मिळून जोडले. आप्पांची विहिरीची, बाभळीची वाट बाळूला पाठ होती. ड्रमचं झाकण काढलं तर पाणी काठोकाठ आणि स्वच्छ. आई त्याच्याकडे न बघता लिंबाखाली गेली आणि बाळूने खणलेल्या आगटीत गोवऱ्या रचू लागली. तिकडे व्यंकटेशने रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा पेटवला, धुराड्यावर पंखा लावला, मग दगडी कोळसा टाकला. खूप दिवसांनी दोन धूर उठले. बॉयलर तापेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. गाडी आधी कुठेतरी आतून टिकटिकते, मग घोरल्यासारखा बारीक आवाज येतो, मग काटा हलतो. ते सगळं तसंच्या तसं झालं आणि मला आप्पांची इतकी आठवण आली की मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

व्यंकटेश चिंधीने मागची बाजू पुसत होता. ताटलीपाशी त्याचा हात थांबला. त्याने विचारलं, हे तेलाची झारी गरम ठेवायला असतं, पण इतकं मोठं कशाला केलं मॅडम? मी म्हटलं, आप्पांना सगळं मोठंच लागायचं. आणि आगटीपाशी जाऊन हसत हसत आईला सांगितलं की तो ताटलीला तेलाची जागा समजला.

आई कणसं फिरवत होती. म्हणाली, "तेलाची न्हाय. माझी हाय ती."

मला कळलं नाही. मग तिने राखेकडे बघत, कणसं उलटी-सुलटी करत सांगितलं. सगळी माणसं खाऊन उठली की आगटी विझत आलेली असायची आणि कणसं संपलेली. भाजणाऱ्याला कधी काही उरत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आम्हा मुलांना विहिरीवर पाय धुवायला पिटाळलेलं असायचं, पाहुणे टेम्पोत चढत असायचे. तेव्हा आप्पा गाडीचा विस्तव पाडून, ताटली सोडवून, फडक्यात धरून लिंबाखाली यायचे. दिवसभर तिने धाडलेला हुरडा त्यांनी खाल्लेलाच नसायचा. तिच्यासाठी गरम ठेवलेला असायचा.

"पहिल्या वर्षी आनला तवा गार झालता," ती म्हणाली. "मग त्यांनी ताटली बसवली. निम्मा मी खायाची, निम्मा ते."

मी तिच्याजवळ मातीतच बसले. इतक्या वर्षांत मला वाटत होतं, ही बाई गाडीच्या नावाने बोटं मोडते. तिला विचारलं, मग नको विकू असं का नाही म्हणालीस.

"थंड गाडी घिऊन काय करू?" ती म्हणाली.

ताटलीला दोनच स्क्रू आहेत, आत्ता काढून घेते, असं मी म्हणाले. व्यंकटेशला सांगितलं असतं तर त्याने आनंदाने दिली असती. आईने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. बगू, म्हणाली. मग तिने एक कणीस काढून चोळलं, फुंकलं, दाणे एरंडाच्या पानावर घेतले आणि पान माझ्या हातात दिलं. जा, त्याच्या ताटलीत टाक. आणि त्याला काय सांगू नको, हे बजावून सांगितलं.

मी पान घेऊन निघाले. ते तळहाताला पोळत होतं. सबंध लहानपण मी हेच पान घेऊन याच वाटेने पळत गेले होते, पण तेव्हा पाय हलके होते. व्यंकटेश फळीवर बसला होता, काटा वर आला होता, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत होता. मी हुरडा ताटलीत ओतला. त्याने मान डोलावली, हँडल हळू ओढलं आणि गाडी निघाली. आधी चाकं जागच्या जागी फिरल्यासारखी वाटली, मग तोच आवाज, मोठ्या कुत्र्याच्या धापेसारखा, आणि गाडी बाभळीकडे गेली. बाळू कमरेवर हात ठेवून बघत उभा होता, कांद्याचं सगळं विसरून.

मी आगटीपाशी परत आले. आई उभी राहिली होती. कपाळावर आडवा हात धरून ती गाडीकडे बघत होती. पहिली चक्कर झाली. व्यंकटेशची नजर पाण्याच्या काचेवरून हलत नव्हती, आणि मला ते फार आवडलं. दुसऱ्या चकरेला वळणावर त्याने न बघताच हात पुढे केला, काळ्या बोटांनी ताटलीतले दाणे उचलले आणि तोंडात टाकले. पुन्हा हात गेला. आमच्यासमोरून गेला तेव्हा त्याचे गाल भरलेले होते आणि चेहरा असा होता की बघून कुणालाही भूक लागावी. तिसऱ्या चकरेत ताटली रिकामी झाली.

मी आईच्या दंडाला हात लावला. आई, खाल्ला त्याने सगळा, म्हटलं.

"खाऊ दे की," ती म्हणाली. "गाडी आता त्याची हाय."

तिने हे मोठ्याने म्हटलं नाही, पण एखाद्या मुलीची पाठवणी करून दार लावून घेणाऱ्या बाईने म्हणावं तसं म्हटलं. स्क्रू मी काढले नाहीत. दुपारी विस्तव पाडला, गाडी निवेपर्यंत सगळे जेवलो, रूळ सुटे केले आणि फळ्या लावून गाडी टेम्पोत चढवली. ड्रममधलं उरलेलं पाणी आईने कॅनमध्ये भरून व्यंकटेशला दिलं आणि पावसाळ्यात पत्र्याखाली ड्रम लावायला विसरू नको, हे दोनदा सांगितलं. तो तिच्या पाया पडला. टेम्पो बांधावरून डांबरीला लागला, वळला, आणि धुळीशिवाय काही दिसेना.

रान एकदम मोठं वाटायला लागलं. ऊन कलतं झालं होतं आणि ज्वारीच्या ताटांमधून वारा सळसळत होता. रुळांच्या जागी गवत दबून गोल उमटलं होतं. बाळू शेड मोजायला गेला. लिंबाखाली आई तिच्या जागी बसून काठीने राख सारखी करत होती. मी भांडी गोळा करायला वाकले तेव्हा दिसलं, आगटीच्या कडेला एक कणीस पडलं होतं. गाडीच्या गडबडीत कुणाचं लक्ष न गेलेलं.

मी भांडी खाली ठेवली. राखेखाली अजून विस्तव होता. कणीस खुपसलं, फिरवलं, काढलं आणि चोळायला घेतलं. आईने हे आयुष्यभर कसं केलं कोण जाणे, माझे दोन्ही तळहात पहिल्या चोळण्यातच लाल झाले. कोंडा फुंकताना निम्मा डोळ्यांत गेला. तरी मूठभर दाणे झाले. ते गरम असतानाच तिच्या तळहातावर टाकले.

ती बराच वेळ चावत राहिली.

"जरा कच्चा हाय," म्हणाली, आणि निम्मा माझ्या हातावर ठेवला.